नेपल्सहून रात्रीच्या बोटीनं सिसिलीला: कुठल्या क्रमानं काय करायचं आणि लोक नेमके कुठे अडकतात

दक्षिण इटलीला जाऊन आलेल्या मराठी मंडळींशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: रात्रीची बोट छान होती, पण बोटीपर्यंत पोहोचताना जीव मेटाकुटीला आला. कुणी चुकीच्या धक्क्यावर उभं राहिलं, कुणाचं नाव पासपोर्टशी जुळलं नाही, कुणा नवराबायकोला वेगवेगळ्या केबिनमध्ये झोपावं लागलं. आपल्या डोळ्यांसमोर भाऊचा धक्का ते मांडवा असा तासाभराचा प्रवास असतो: जायचं, चढायचं, उतरायचं. नेपल्स ते सिसिलीतलं पालेर्मो हे अंतर समुद्रावरून सुमारे ३०० किलोमीटरचं आहे. बोट संध्याकाळी साधारण आठच्या सुमारास निघते आणि सकाळी साडेसहा-सातला पोहोचते. तिची तयारी रेल्वेच्या शयनयानासारखी नाही, विमानाच्या प्रवासासारखी करावी लागते.

हा मार्ग नमुना म्हणून घेतला आहे. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बारी बंदराहून ग्रीसकडे किंवा अल्बेनियाकडे जाणाऱ्यांसाठी वेगळा टप्पा शेवटी आहे.

## टप्पा १: आधी दिशा, मग बोट

नकाशावर बारी, मातेरा, नेपल्स आणि सिसिली जवळजवळ दिसतात. प्रत्यक्षात इटलीच्या टाचेपासून सिसिलीपर्यंत जमिनीवरून जाणं म्हणजे अख्खा दिवस घालवणं. सिसिली करून जमिनीवरून बारी गाठायचा क्रम ठेवलात तर तो दिवस वाया जातो. मी सुचवतो तो क्रम असा: रोम, तिथून रेल्वेनं बारी, मग मातेरा, मातेराहून बसनं नेपल्स, नेपल्सहून रात्रीच्या बोटीनं पालेर्मो, पुढे सिसिलीत पूर्वेकडे सरकत काटानिया, आणि तिथून विमानानं परत. मागे फिरावं लागत नाही आणि दक्षिणेचा सगळ्यात लांब टप्पा झोपेत पार होतो.

बारीहून थेट ग्रीसला जायचं असेल तर हाच क्रम उलटा करा आणि बारी शेवटी ठेवा.

आरक्षणाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी बोट, मग पालेर्मोचं हॉटेल, मग नेपल्सला पोहोचवणारी बस किंवा रेल्वे. बरेच जण उलटं करतात आणि हॉटेल घेतल्यावर कळतं की त्या तारखेला केबिन उरलेली नाही. ऑगस्टमध्ये तर हे हमखास होतं. १५ ऑगस्टला इटलीत फेरागोस्तोची सुट्टी असते आणि त्या आठवड्याच्या आगेमागे निम्मा देश समुद्राकडे निघालेला असतो.

इशारा: बोट ज्या सकाळी पोहोचते त्याच सकाळचं विमान घेऊ नका. पालेर्मोचा विमानतळ शहरापासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, आणि वाऱ्यामुळे बोटीला उशीर झाला तर हातात काहीच राहत नाही.

## टप्पा २: व्हिसाच्या कागदांत ही रात्र दाखवा

शेंगेन व्हिसाच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक व्हिसाच्या, अर्जात प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो. बोटीची रात्र तिथे रिकामी दिसते. म्हणून प्रवासाच्या तक्त्यात त्या तारखेसमोर ‘रात्री बोटीवर, नेपल्स ते पालेर्मो’ असं स्पष्ट लिहा आणि तिकीट किंवा आरक्षणाची प्रत मागे जोडा. त्या रात्रीसाठी उगाच हॉटेल दाखवू नका, कारण एकाच तारखेला दोन ठिकाणी मुक्काम दिसला की प्रश्न विचारले जातात. व्हिसा हातात येण्यापूर्वी तिकीट काढत असाल तर बदलता किंवा रद्द करता येणारं काढा. थोडे जास्त पैसे जातात, पण इथे ते वाचवू नयेत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोच्या वैद्यकीय संरक्षणाचा लागतो, तो सगळ्या तारखांना पुरतो ना हे पाहा.

नेपल्स ते पालेर्मो हा देशांतर्गत प्रवास आहे, पासपोर्टवर शिक्का पडत नाही. तरी ओळखपत्र तपासलं जातं आणि आपल्यासाठी ओळखपत्र म्हणजे मूळ पासपोर्ट. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स पुरत नाही.

## टप्पा ३: तिकीट काढताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जाऊ.

जागेचे प्रकार. इटालियन संकेतस्थळावर तीन शब्द दिसतील. ‘पासाज्जो पोन्ते’ म्हणजे फक्त बोटीवर चढण्याचा हक्क. जागा नाही, खुर्ची नाही, जिथे मिळेल तिथे बसायचं. ‘पोल्त्रोना’ म्हणजे दालनातली मागे कलणारी खुर्ची. ‘काबीना’ म्हणजे खोली: ‘इन्तेर्ना’ बिनखिडकीची, ‘एस्तेर्ना’ खिडकीची. रात्रीच्या प्रवासात खिडकीतून अंधारच दिसतो, त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर इन्तेर्ना घ्या. पोल्त्रोनावर पैसे वाचवायला मात्र मी सांगणार नाही. दालनात बरेचदा दिवे चालू राहतात, वातानुकूलन अंगावर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पालेर्मोत फिरायची ताकद राहत नाही.

पूर्ण केबिन की एक पलंग. चार पलंगांच्या केबिनमधला एक पलंग घेण्याचीही सोय काही बोटींवर असते, तिला ‘पोस्तो लेत्तो’ म्हणतात. हे पलंग स्त्रिया आणि पुरुष अशा वेगळ्या केबिनमध्ये दिले जातात. नवराबायकोनं स्वस्त दिसतात म्हणून दोन ‘पोस्तो लेत्तो’ घेतले, तर ती दोघं दोन वेगळ्या खोल्यांत जातात. एकत्र राहायचं असेल तर पूर्ण केबिन घ्या, तिकिटावर ‘उजो एस्क्लुझीवो’ असे शब्द दिसतील.

आईवडील सोबत असतील तर आणखी एक विचार करा. वरच्या पलंगावर शिडीनं चढावं लागतं, आणि केबिनच्या न्हाणीघराला बरेचदा उंच उंबरा असतो. रात्री अर्धवट झोपेत तोच उंबरा पायाला लागतो. चारजणांत दोन ज्येष्ठ असतील तर खालचे दोन्ही पलंग त्यांना द्या. दोन ज्येष्ठ दोघंच जात असतील तर दोन्ही पलंग खाली असलेली केबिन आहे का ते आरक्षणापूर्वी विचारा.

नाव. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत आणि स्वतःचं नाव व वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्या ओळीत असतं. तिकिटाच्या अर्जात ‘कोन्योमे’ म्हणजे आडनाव आणि ‘नोमे’ म्हणजे पासपोर्टवरची दुसरी ओळ, जशी आहे तशी पूर्ण. आपण सवयीनं नाव, वडिलांचं नाव, आडनाव या क्रमानं भरत जातो आणि वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात जाऊन बसतं. लग्नानंतर नाव बदललं पण पासपोर्ट जुनाच असेल, तर तिकीट पासपोर्टप्रमाणेच.

सवलत. यादीत एखादं भाडं बाकीच्यांपेक्षा खूपच कमी दिसलं तर थांबा. सिसिलीच्या रहिवाशांसाठी वेगळे दर असतात, त्यांच्यापुढे ‘रेसिदेन्ती’ लिहिलेलं असतं. ते चुकून निवडलं तर बंदरावर रहिवासाचा पुरावा मागतात आणि फरकाची रक्कम भरावी लागते.

तारीख. वेळा २४ तासांच्या घड्याळात असतात. नेपल्सची बोट संध्याकाळची असल्यानं इथे घोटाळा कमी. पण इतर काही मार्गांवर बोट मध्यरात्रीनंतर निघते. १२ तारखेची ००.३० ची बोट म्हणजे ११ तारखेचं रात्रीचं जेवण आटोपून निघायची बोट. लोक १२ तारखेच्या रात्री पोहोचतात.

तपासा, पैसे भरण्यापूर्वी:
- बंदरांची इटालियन नावं: नेपल्स म्हणजे नापोली.
- सगळे कर धरून शेवटच्या पानावरची रक्कम. पहिल्या पानावरची रक्कम अंतिम नसते.
- प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक.
- सोबत बाळ असेल तर त्याचंही वेगळं नाव तिकिटात आहे ना.

## टप्पा ४: दोन पिशव्या

मोठी बॅग केबिनमध्ये उघडायची वेळ येऊ देऊ नका. जागा अपुरी असते. रात्रीची वेगळी पिशवी करा: पासपोर्ट, औषधं, दात घासायचं साहित्य, एक बदलायचा कपडा, पातळ शाल, पायमोजे, चार्जर, पाण्याची बाटली, खाणं. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर इटलीतल्या बहुतेक सॉकेटमध्ये बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही, त्याला अडॅप्टर लागेल.

खाण्याबाबत दोन गोष्टी. पहिली भारतातून निघतानाची: युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, तूप घरीच. चिवडा, दशम्या, मेतकूट चालेल, फक्त दशम्या दुधात भिजवलेल्या नकोत. दुसरी बोटीवरची: केबिनमध्ये विजेची किटली किंवा शेगडी लावायला मनाई असते. आगीची भीती समुद्रावर सगळ्यात मोठी, आणि तो नियम मोडू नये. गरम पाणी बारवर मागा.

## टप्पा ५: नेपल्समधला शेवटचा दिवस

बोटीच्या दिवशी पाँपेई ठेवू नका. भग्नावशेषांत चार तास सहज जातात, परतीची उपनगरी गाडी खच्चून भरलेली असते आणि उशिरा धावते, आणि संध्याकाळी पाच वाजता घामाघूम अवस्थेत सामान शोधत फिरावं लागतं. पाँपेई आदल्या दिवशी करा. बोटीच्या दिवशी शहरातच राहा: सकाळी पुरातत्त्व संग्रहालय (मंगळवारी बंद असतं), मग जुन्या शहराच्या गल्ल्या. सामान हॉटेलात ठेवा, नाहीतर नापोली चेंत्राले स्थानकावर ‘देपोझितो बागाल्यी’ म्हणजे सामानघर आहे. ते रात्री किती वाजता बंद होतं ते ठेवतानाच विचारा.

दुपारी चारच्या आत रात्रीचं जेवण विकत घेऊन ठेवा. बोटीवरचं उपाहारगृह महाग असतं आणि शाकाहारी माणसासमोर बरेचदा पास्ता आणि सॅलड एवढंच उरतं. नेपल्समध्ये मार्गेरिता पिझ्झा घडी घालून कागदात बांधून देतात, तो बोटीवर नेता येतो. चीज नको असेल तर पिझ्झा मारिनारा मागा. नावात समुद्र असला तरी त्यात मासा नसतो, फक्त टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल. पास्त्याच्या बाबतीत मात्र ‘मारिनारा’ म्हटलं की विचारून घ्या.

इशारा: नेपल्सच्या बेकरीत दिसणारी कडक, मिरी घातलेली कडी म्हणजे ताराल्ली. पाहताच प्रवासाला घ्यावीशी वाटतात. पारंपरिक कृतीत त्यांत डुकराची चरबी असते, तिला ‘सून्या’ म्हणतात. आणि काटेकोर शाकाहारींसाठी: पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेलं असतं.

## टप्पा ६: योग्य धक्का

गारिबाल्दी चौकातून, म्हणजे मुख्य रेल्वे स्थानकापासून, मेट्रो लाइन १ घेऊन ‘मुनिचीपियो’ला उतरलात की समोर बंदर आहे. इथेच फसगत होते. समोर दिसतो तो मोलो बेव्हेरेल्लो. तिथून काप्री, इस्किया, सोरेन्तोला जाणाऱ्या वेगवान ‘अलिस्काफी’ निघतात. गर्दी तिकडेच असल्यानं लोक त्याच रांगेत लागतात. पालेर्मोची मोठी जहाजं त्या धक्क्यावरून निघत नाहीत. त्यांच्यासाठी ‘त्रागेत्तो’ हा शब्द शोधा, आणि तिकिटावर छापलेलं फाटक म्हणजे ‘वार्को’, आणि धक्का म्हणजे ‘मोलो’ किंवा ‘कालाता’, यांची नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

सामान जास्त असेल तर चालत जायचा हट्ट नको. टॅक्सीत बसण्याआधी ‘तारिफ्फा प्रेदेतेर्मिनाता’ म्हणा, म्हणजे ठरलेल्या दरात नेईल. गाडी सुरू झाल्यावर म्हणून उपयोग नाही. नुसतं ‘पोर्तो’ सांगू नका, तिकीट दाखवा.

निघण्याच्या दोन तास आधी बंदरात असा. ईमेलनं आलेला कागद हा काही कंपन्यांत थेट चढायला चालतो आणि काहींत खिडकीवर देऊन ‘कार्ता दिंबार्को’ म्हणजे बोर्डिंग कार्ड घ्यावं लागतं. कुठलं लागू आहे ते त्याच कागदावर लिहिलेलं असतं आणि नेमकं तेच कुणी वाचत नाही. माझ्या ओळखीचं एक कुटुंब जहाजाच्या रॅम्पपाशी जाऊन परत पाठवलं गेलं, कारण खिडकी मागे राहिली होती. सामान ओढत ती चौघं परत गेली आणि शेवटच्या दहा मिनिटांत चढली.

तपासा, रॅम्पवर जाण्याआधी: हातात पासपोर्ट, कार्ता दिंबार्को, केबिन क्रमांक. पायी प्रवाशांनाही बरेचदा गाड्यांच्याच रॅम्पवरून आत जावं लागतं, तेव्हा मुलांचे हात धरा आणि ट्रकच्या मागे थांबू नका.

## टप्पा ७: बोटीवरचा पहिला अर्धा तास

आधी स्वागतकक्षात जाऊन केबिनची किल्ली, मग केबिन, मग डेक. क्रम बदलू नका, कारण बोट निघताना स्वागतकक्षापुढे मोठी रांग लागते. केबिनच्या दाराच्या आत आपत्कालीन मार्गाचा नकाशा असतो. जीवरक्षक जॅकेट कुठे आहे आणि जमण्याची जागा कोणती, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवा. सात लहान भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे सगळ्यांनी त्या जागी जमायचं, हा जगभर एकच संकेत आहे.

मग मोबाइल विमान मोडवर टाका. हे विसरू नका. किनारा सुटला की फोन जहाजाच्या उपग्रह जाळ्याला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंग पॅकमध्ये धरलेले नसतात आणि रात्रभरात मोठं बिल तयार होतं. गजर विमान मोडवरही वाजतो.

एवढं झालं की वर डेकवर जा. मागे व्हेसुव्हियस लांब जाताना दिसतो.

## टप्पा ८: बोट लागू नये म्हणून

उन्हाळ्यात हा समुद्र बहुधा शांत असतो. नोव्हेंबर ते मार्चमध्ये मात्र बोट चांगली हलू शकते. बस लागणाऱ्यांनी आरक्षणातच जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावरची केबिन मागावी, तिथे हेलकावे कमी जाणवतात. उलटीवरची गोळी मळमळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग नाही, ती आधी घ्यायची असते. कुठली आणि किती, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाबाची किंवा इतर औषधं चालू असतील तर. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. आलेपाक जवळ असू द्या.

## टप्पा ९: पालेर्मोत उतरताना

पोहोचण्याच्या तासभर आधी घोषणा होते आणि केबिन रिकामी करायला सांगतात. गजर त्याआधी अर्ध्या तासाचा लावा, म्हणजे न्हाणीघर सगळ्यांना मिळेल. किल्ली परत द्यायची असेल तर रात्रीच विचारून ठेवा.

सात वाजता शहर नुकतं जागं होत असतं आणि हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते. म्हणून हॉटेलला आदल्या दिवशी संदेश पाठवा: बोटीनं सकाळी येतोय, सामान ठेवू द्याल का? बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. बंदरापासून पोलितेआमा चौक पायी पंधरा मिनिटांच्या आसपास. सामान टाकलं की बाल्लारोच्या बाजारात जा. तिथे गरम ‘पानेल्ले’ मिळतात: हरभऱ्याच्या पिठाच्या पातळ तळलेल्या वड्या, पावात घालून. बेसनावर वाढलेल्या माणसाला ती चव परकी वाटत नाही. ‘अरांचिने’ म्हणजे भाताचे तळलेले गोळे घेताना विचारा, बहुतेकांत मांस असतं आणि ‘अल बुर्रो’ म्हणजे लोण्याच्या नावाखाली हॅमही असतं. ‘स्फिंचोने’ या जाड, मऊ पिझ्झ्यात अँचोव्ही मासा असतो.

## टप्पा १०: सिसिलीत पुढे

पालेर्मो ते काटानिया रेल्वेपेक्षा बस बरी, पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. अग्रिजेन्तोला रेल्वेनं दोनेक तास. तिथे ‘अग्रिजेन्तो बास्सा’ला उतरू नका, पुढचं ‘चेंत्राले’ हे तुमचं स्थानक.

वेळापत्रकातला एक शब्द फार फसवतो. ‘फेरिआले’ वाचून सुट्टीचा दिवस असेल असं वाटतं. अर्थ अगदी उलट आहे: फेरिआले म्हणजे कामाचे दिवस, सोमवार ते शनिवार. रविवार आणि सणवार म्हणजे ‘फेस्तिवो’, आणि त्या दिवशी खेड्यांकडच्या बस फार कमी असतात.

प्रादेशिक रेल्वेचं कागदी तिकीट चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं. मोबाइलवरच्या तिकिटालाही चेक-इन करावं लागतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. ‘शोपेरो’ म्हणजे संप. कामाच्या दिवशी रेल्वेचा संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी १८ ते २१ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात, त्या वेळा धरून निघा.

परतीचं विमान काटानियाहून असेल तर मुंबईच्या विमानाआधी एक रात्र मोकळी ठेवा. एत्ना ज्वालामुखीची राख उडाली की हा विमानतळ बंद होऊ शकतो.

## टप्पा ११: बारीहून पूर्वेकडे जाणार असाल तर

इथे व्हिसाची चूक सगळ्यात महाग पडते. ग्रीस शेंगेनमध्ये आहे, क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून आहे. अल्बेनिया आणि मॉन्टेनेग्रो नाहीत. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असताना बारीहून अल्बेनियाच्या बोटीत बसलात तर शेंगेनमधून बाहेर पडलात, आणि त्याच व्हिसावर परत इटलीत येता येणार नाही. व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात काय छापलंय ते तिकिटाआधी पाहा.

फलकांवरची नावं ओळखू येत नाहीत, म्हणून लक्षात ठेवा: ग्रीसमधलं पात्रास म्हणजे पात्रास्सो, अल्बेनियातलं दुर्रेस म्हणजे दुरात्सो. तिकिटांची खिडकी आणि जहाज यांत बरंच अंतर असू शकतं, त्यामुळे इथेही दोन तास आधी.

ग्रीसची वेळ इटलीपेक्षा एक तास पुढे आहे आणि तिकिटावर पोहोचण्याची वेळ तिथली असते. पात्रासच्या बोटी बहुधा वाटेत इगुमेनित्साला भल्या पहाटे थांबतात. घोषणा होते, दिवे लागतात, लोक सामान घेऊन जिन्यावर गर्दी करतात. तुमचं तिकीट पात्रासचं असेल तर कूस बदलून झोपा, अजून कित्येक तासांचा प्रवास बाकी आहे.